मुंबईच्या जुन्या गुन्हेपटांचा कागद: जमवावा कसा, जपावा कसा

१९५० च्या दशकात मुंबईत तयार झालेल्या हिंदी गुन्हेपटांची पोस्टरे, गाण्यांच्या पुस्तिका, शो कार्डे (जाहिरातीचे लहान पुठ्ठे) आणि चित्रपटगृहाच्या लॉबीत टांगायची छायाचित्रे ही मुळात चित्रपट चालेल तेवढे दिवस पुरावीत, एवढ्याच हिशेबाने छापलेली होती. चित्रपट उतरला की भिंतीवरच्या पोस्टरवर दुसरे पोस्टर चिकटत असे आणि वितरकाच्या कचेरीत उरलेले गठ्ठे यथावकाश रद्दीत निघत असत. आज आपल्या हाती जे लागते, ते कोणीतरी टाकून द्यायचे विसरले म्हणून उरलेले असते. हा कागद मी बरीच वर्षे जमवत आलो आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने काय घ्यावे, खरे-खोटे कसे ओळखावे आणि घरी आणलेला कागद पुढच्या पन्नास वर्षांसाठी कसा सांभाळावा, हे अनुभवाने जेवढे कळले तेवढे इथे सविस्तर मांडतो.

हे चित्रपट आपल्याला का ओढून घेतात, याचा विचार पहिल्या खरेदीच्या आधी करावा, कारण काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे त्यावरूनच ठरते. फाळणीनंतर शहरात आलेले लोंढे, रेशनचे धान्य, काळा बाजार आणि १९४९ च्या कायद्याने आलेली दारूबंदी यांमुळे मुंबईत पैसा मिळवण्याच्या ज्या आडवाटा तयार झाल्या, त्यांवरून या चित्रपटांचे नायक चालतात. गुरुदत्त यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘बाजी’ (१९५१) एका जुगारी तरुणाचा आहे. ‘जाल’ (१९५२) चा नायक तस्कर आहे. ‘काला बाजार’ (१९६०) चा नायक चित्रपटाची तिकिटे काळ्या बाजारात विकतो. चेतन आनंद यांच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९५४) चे बरेचसे चित्रीकरण मुंबईच्या खऱ्या रस्त्यांवर झाले. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली आणि त्या ट्रामचे शहर पुन्हा पाहायचे असेल, तर असे चित्रपट हे एक मोठे साधन आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला हे अंधारे जिने, बंदरावरचे धक्के आणि कोटाची कॉलर वर केलेली माणसे अजिबात परकी वाटत नाहीत.

कागद जमवणाऱ्यासाठी मात्र आणखी एक कारण आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत मोठे आहे. हे सगळे चित्रपट कृष्णधवल आहेत. व्ही. के. मूर्ती यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी त्यांतली रात्र काळ्या आणि करड्या छटांमध्येच रचली. पोस्टर रंगवणाऱ्या चित्रकाराच्या हाती मात्र बहुतेक वेळा छायाचित्रांचा एक संच येई, आणि त्यावरून खलनायकाचा चेहरा हिरवट करायचा की जांभळा, नायिकेच्या मागे लाल प्रकाश टाकायचा की पिवळा, हे तो स्वतः ठरवत असे. म्हणजे या चित्रपटांना जो काही रंग लाभला, तो केवळ कागदावर लाभला. फिल्मची प्रत कितीही उत्तम रीतीने दुरुस्त केली, तरी तो रंग तिच्यात सापडणार नाही. पोस्टर नष्ट झाले की तो कायमचा गेला.

सीमा आखून घ्यावी

सगळेच जमवण्याच्या मोहात पडणाऱ्याचा संग्रह तीन वर्षांत अडगळ होतो, म्हणून सुरुवातीलाच एक सीमा ठरवावी. एखाद्या निर्मितीसंस्थेचे गुन्हेपट घ्यावेत, एकाच छायाचित्रकाराचे घ्यावेत किंवा फक्त मुंबईच्या रस्त्यांवर घडणारे घ्यावेत. दिग्दर्शक राज खोसला यांचे उदाहरण पाहा. त्यांच्या ‘सी.आय.डी.’ (१९५६) पासून सुरुवात केली, तर धागा ‘मेरा साया’ (१९६६) पर्यंत जातो. ‘मेरा साया’ हा राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या मराठी चित्रपटावरून केलेला आणि ‘पाठलाग’ जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून घेतलेला. एवढ्या एका धाग्यावर हिंदी पोस्टर, मराठी पोस्टर, दोन्ही चित्रपटांच्या पुस्तिका आणि मूळ कादंबरीची जुनी आवृत्ती असा लहानसा पण अर्थपूर्ण संग्रह उभा राहू शकतो, आणि तो पाहणाऱ्याला काहीतरी सांगतो. ज्यांना सत्तरच्या दशकाचे आकर्षण आहे, त्यांनी ‘दीवार’ (१९७५) च्या काळाकडे वळावे. त्याचे पोस्टर दिवाकर करकरे यांनी रंगवले होते. मात्र तो वेगळा प्रांत आहे, तिथले भाव वेगळे आणि नकलांचे प्रमाणही फार मोठे आहे.

ज्या चित्रपटाचा कागद घ्यायचा, तो चित्रपट आधी पूर्ण पाहावा. हा नियम मी कधीही मोडत नाही. पोस्टरवर दिसणारा पिस्तूलधारी माणूस कोण, कोपऱ्यातली नर्तकी कोणत्या प्रसंगातली, हे माहीत नसेल, तर आपण केवळ रंगीत कागद विकत घेत असतो. पाहताना शक्यतो पूर्ण लांबीची प्रत शोधावी, कारण घरगुती वापरासाठी निघालेल्या जुन्या सीडींवर गाणी कापलेली आणि चौकटीच्या कडा छाटलेल्या असण्याची शक्यता असते.

पहिली खरेदी: गाण्यांची पुस्तिका

पोस्टरपासून सुरुवात करू नये. पोस्टर महाग असते, ठेवायला जागा लागते आणि फसगत झाली तर मोठी होते. चित्रपटगृहाबाहेर आण्या-दोन आण्यांना विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका ही शिकण्यासाठी उत्तम वस्तू आहे. मुखपृष्ठावर पोस्टरचेच चित्र लहान आकारात, आत कलावंत-तंत्रज्ञांची नामावली, कथेचा सारांश आणि मग गाणी, असा तिचा साधारण घाट असतो. गुन्हेपटाच्या पुस्तिकेतला सारांश वाचण्यासारखा असतो, कारण खून होतो, संशय नायकावर येतो आणि नेमक्या त्या ठिकाणी कथा थांबवून पुढचे पडद्यावर पाहण्याचे आमंत्रण दिलेले असते.

माझ्या संग्रहातली एक पुस्तिका मी नवख्या मित्रांच्या हाती नेहमी देतो. ती उघडली की मधल्या शिवणीच्या दोन तारा गंजलेल्या दिसतात आणि त्या गंजाचा तपकिरी ओघळ समोरासमोरच्या दोन्ही पानांवर सारखाच उमटलेला आहे. याचा अर्थ तारा त्याच पानांत अनेक पावसाळे राहिल्या आहेत. जुन्या मुखपृष्ठात नवी पाने घालून शिवलेली ही पुस्तिका नाही. तिसऱ्या पानावर एका गाण्याच्या दोन ओळींखाली शिसपेन्सिलीने रेघ मारलेली आहे आणि समासात कोणीतरी बारीक अक्षरात ‘मॅटिनी, ताईबरोबर’ असे लिहून ठेवले आहे. मागच्या पानावर किंमत आण्यांत छापलेली आहे. ही वस्तू कोऱ्या करकरीत प्रतीपेक्षा कमी मोलाची आहे असे बाजार म्हणेल. मी तसे मानत नाही, आणि ती रेघ किंवा ते अक्षर खोडरबराने पुसण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

छापलेली किंमत हा काळ ठरवण्याचा फार चांगला पुरावा आहे. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. त्यामुळे किंमत आण्यांत असेल, तर छपाई बहुधा त्याआधीची किंवा त्याच सुमाराची असते. ‘नये पैसे’ असा उल्लेख असेल, तर ती १९५७ ते १९६४ या काळातली धरावी, कारण पुढे ‘नये’ हा शब्द गळाला. १९५६ च्या चित्रपटाच्या पुस्तिकेवर नये पैसे दिसले, तर ती पुन्हा प्रदर्शनाच्या वेळी छापलेली आहे असे समजावे. ती खोटी नव्हे, पण पहिल्या प्रदर्शनाच्या भावाने घेऊ नये.

खरे पोस्टर कसे ओळखावे

मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर आणि पुण्यात जुन्या बाजारात हा माल अजूनही दिसतो. जुन्या रद्दीवाल्यांशी ओळख ठेवली, तर बंद पडलेल्या चित्रपटगृहाचा एखादा गठ्ठाही कळतो. घरबसल्या लिलावात मात्र वस्तू हातात घेता येत नाही, म्हणून पहिली दोन वर्षे तरी समोरासमोर, उजेडात, सकाळच्या वेळी खरेदी करावी. बरोबर तीन वस्तू असाव्यात: दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी आणि नोटा तपासण्याची निळसर प्रकाशाची लहान विजेरी.

संग्राहकांत सर्वाधिक फिरणारा आकार ३० × ४० इंचांचा आहे. प्रथम मोजून घ्यावे, कारण नक्कल बहुतेकदा आजच्या छपाईयंत्राला सोयीच्या मापात बसवलेली असते. मग भिंग लावून चेहऱ्याचा एखादा भाग आणि अक्षरांची कड पाहावी. जुन्या लिथो छपाईत रंगाचे ठिपके खडूने काढल्यासारखे अनियमित दिसतात; ऑफसेट छपाईत ते ठरावीक नक्षीत बसलेले असतात; आजच्या शाईफवारा (इंकजेट) छपाईत रंगांची बारीक धूळ उडाल्यासारखी दिसते आणि मूळ पोस्टरवर ज्या अक्षरांची कड ठाशीव असायला हवी, ती विरलेली आढळते. विजेरीच्या प्रकाशात आधुनिक पांढरा कागद झगझगीत निळसर उजळतो, तर पन्नासच्या दशकातला स्वस्त पोस्टरचा कागद सहसा मंद राहतो. यांपैकी कोणतीही एक खूण पुरेशी नाही, सगळ्या एका दिशेने बोट दाखवत असतील तरच विश्वास ठेवावा.

घड्यांकडे नीट लक्ष द्यावे. पोस्टरे घडी घालून वितरकांकडे आणि तिथून गावोगावी जात, त्यामुळे जुन्या पोस्टरला घड्या असणे हे दूषण नाही. माझ्या संग्रहाच्या दुसऱ्या वर्षी मी एका विक्रेत्याकडून, मला तेव्हा फार मोठी वाटणारी रक्कम देऊन, एक पोस्टर घेतले. घड्या होत्या, कडा पिवळ्या होत्या, कोपऱ्यात छापखान्याचे नावही होते. घरी आणून काचेखाली घालण्यापूर्वी सहज घडीवरून बोट फिरवले, तर कागद सपाट लागला. घड्या, त्यांवरची रंगाची झीज आणि कडांचा पिवळेपणा हे सगळे मूळ पोस्टरच्या छायाचित्रासह छापलेले होते. तेव्हापासून मी आधी पोस्टर उलटे करतो. मागची बाजू खोटी करणे अवघड असते. तिथे घडीचा खरा कंगोरा, खळीचे डाग, धूळ आणि एखाद्या वितरकाचा शिक्का असे काही ना काही सापडते.

तळाच्या बारीक अक्षरांत छापखान्याचे किंवा वितरकाचे नाव असेल, तर पत्ता काळजीपूर्वक वाचावा. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याआधी मुंबईचे पत्ते ‘मुंबई ४’ किंवा ‘मुंबई ७’ असे लहान विभाग क्रमांक देऊन लिहिले जात. १९५४ च्या चित्रपटाच्या पोस्टरवर सहा आकडी पिन कोड असेल, तर ते पुन्हा प्रदर्शनाचे पोस्टर आहे यात शंका राहत नाही. असे पोस्टर घ्यायला हरकत नाही, किंबहुना कधी कधी त्यावरचे चित्र अधिक जोरकस असते. फक्त नोंद खरी करावी आणि भाव त्याप्रमाणे द्यावा.

भावाविषयी थोडेच सांगतो. विक्रेता काय मागतो यापेक्षा तशी वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली, हे पाहावे. वर्षाची रक्कम आधीच ठरवावी आणि ती संपली की बाजारात फक्त बघायला जावे.

घरी आणल्यावर

आपल्या हवेत कागदाचा खरा शत्रू पावसाळा आहे. मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात कागद ओलावा पितो, बुरशी धरतो आणि कसर लागते. म्हणून बाजारातून आलेली कोणतीही वस्तू थेट संग्रहात ठेवू नये. मऊ ब्रशने मधून कडेकडे धूळ झाडावी. कीड असल्याची शंका आली, तर वस्तू हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी न उघडता तशीच राहू द्यावी, म्हणजे दव कागदावर न धरता पिशवीच्या बाहेरून धरते. ओलसर कागद कधीही उन्हात वाळवू नये. पंख्याखाली, सावलीत, टिपकागदांवर पसरून ठेवावा.

चिकटपट्टी कोणत्याही परिस्थितीत लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि तो डाग काढणे जवळपास अशक्य होते. लॅमिनेशन तर त्याहून घातक आहे, कारण ते परत काढताच येत नाही. लॅमिनेट केलेली सुंदर पोस्टरे पाहिली की मला आजही वाईट वाटते. फाटलेली कड जोडायचीच असेल, तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरावी, म्हणजे पुढे पाण्याने ती सोडवता येते. मोठी दुरुस्ती किंवा मागून कापड लावणे हे काम कागद-संवर्धन शिकलेल्या व्यक्तीकडेच सोपवावे. उडालेला रंग नव्याने भरून घेण्याच्या मी विरुद्ध आहे. ज्या चित्रकाराने तो हिरवा चेहरा रंगवला, त्याच्या हाताखालचा रंग जेवढा उरला असेल तेवढाच खरा.

साठवणीसाठी स्टेशनरीच्या दुकानातली वास येणारी मऊ प्लास्टिकची पाकिटे टाळावीत. त्यांतली रसायने शाईला चिकटतात. पॉलिएस्टरची स्वच्छ पाकिटे आणि आम्लरहित पुठ्ठे घ्यावेत. पोस्टर शक्यतो आडवे, सपाट ठेवावे. जागा नसेल तर रुंद नळीवर बाहेरून गुंडाळावे, अरुंद नळीत कोंबू नये. पत्र्याच्या पेटीत पावसाळ्यात आतून पाणी धरते, म्हणून ती जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावी. सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात, पण त्या ओलावा पिऊन भरल्या की निरुपयोगी होतात, हे लक्षात ठेवून वेळोवेळी गरम करून वाळवाव्यात. डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नयेत. भिंतीवर लावायचे असेल, तर मूळ पोस्टर पेटीत ठेवून त्याची चांगली प्रत लावावी, कारण ऊन थेट पडले नाही तरी खिडकीचा उजेड लाल आणि पिवळा रंग हळूहळू खातो.

ज्यांना गाण्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही जमवायच्या आहेत, त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. त्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्यांसाठी विकला जाणारा स्पिरिटयुक्त द्रव त्यांना लावला, तर खाचच नाहीशी होते. त्या उभ्या ठेवाव्यात आणि साध्या मऊ, कोरड्या ब्रशने पुसाव्यात.

फिल्मची रिळे मात्र घरी ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. साधारण १९५१-५२ पर्यंतच्या ३५ मिलिमीटरच्या प्रती नायट्रेटच्या, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या, असू शकतात आणि नायट्रेट पेटले की विझवता येत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट प्रती जळाल्या, हा इतिहास फार जुना नाही. नंतरच्या अ‍ॅसिटेट प्रती पेटण्याच्या दृष्टीने सुरक्षित असल्या, तरी डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला, तर ते रीळ कुजू लागले आहे असे समजावे आणि इतर रिळांपासून ताबडतोब वेगळे करावे. असे रीळ हाती आले, तर पुण्याच्या संग्रहालयाशी किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनशी संपर्क साधावा. एखाद्या चित्रपटाची तेवढीच प्रत उरलेली असू शकते.

वस्तू आपल्या मालकीची झाली म्हणून तिच्यावरचे चित्र छापून विकण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो, पण पोस्टरचे चित्र आणि गाण्याचे शब्द यांचे हिशेब वेगळे आहेत आणि ते चित्रकाराच्या किंवा गीतकाराच्या हयातीशी जोडलेले असतात. पाहण्यासाठी, अभ्यासासाठी वापरावे. प्रती छापण्यापूर्वी चौकशी करावी.

शेवटी नोंदवही. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि चित्रपट, वर्ष, माप, छापखाना, कुठे व केव्हा घेतली, किती पैसे दिले, कोणती दुरुस्ती केली, हे सगळे वहीत लिहावे. क्रमांक पाकिटावर लिहावा, वस्तूवर लिहू नये. विक्रेत्याने सांगितलेली हकिकतही लिहून ठेवावी, मात्र ती ‘विक्रेत्याच्या सांगण्यावरून’ अशीच नोंदवावी. दसरा उलटला आणि हवा कोरडी झाली की एका रविवारी सगळ्या पेट्या उघडाव्यात, प्रत्येक पाकीट मागून-पुढून पाहावे, नवा डाग दिसला तर त्याच्या नोंदीसमोर तारीख घालावी आणि पुड्या वाळवून परत ठेवाव्यात. त्याच वहीच्या पहिल्या पानावर, आपल्यानंतर हा संग्रह कोणाकडे जावा, हे घरच्यांना वाचता येईल अशा अक्षरात लिहून ठेवावे.